पुड्यातला गजरा

नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही, आणि तिला तर वाटतं की माझ्या पोटातलं सगळं तिला ठाऊक आहे. देवासमोर हात जोडून उभी असताना हा विषय मनात आला, की मी घाईघाईनं आरती सुरू करते. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणून बोलते आहे. बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

गोष्ट फुलांची आहे. ऐकायला किती साधी, नाही का?

मी कंधारला राहते, एका खाजगी शाळेत शिकवते. नवरा नांदेडला नोकरीला. शनिवारी संध्याकाळी येतो, सोमवारी पहिल्या गाडीनं जातो. मुलगी तेव्हा लातूरला क्लाससाठी होती. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघीच — मी आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि आत्याबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. खोलीतून देवघर, देवघरातून ओटा, एवढंच फिरणं. मोबाइल त्यांना वापरता येत नसे. "लाव गं फोन" म्हणायच्या, मी लावून द्यायचे. पाहुण्यांना फोन, गोळ्यांसाठी फोन, फुलांची ऑर्डर — त्यांचं सगळं बोलणं माझ्या हातातून बाहेर जायचं.

फुलं रजियाबीकडून यायची. बसस्टँडजवळ तिचं दुकान आहे. मुदखेडहून भल्या सकाळी माल येतो, गुलाब, गलांडा, काकडा, उन्हाळ्यात मोगरा. लग्नाचे हार, महालक्ष्म्यांच्या वेण्या, पुढाऱ्यांच्या सत्काराचे गुच्छ, दर्ग्यावर चढवायची चादर, सगळं तीच करते. मोठ्या ऑर्डरी आता व्हॉट्सॲपवर घेते. लिहिता फारसं येत नाही, म्हणून बोलूनच मेसेज टाकते. पण देवपूजेचे रोजचे पुडे ती स्वतः पायी फिरून द्यायची. पळसाच्या पानात बांधलेला पुडा दाराच्या कडीला अडकवायचा आणि पुढच्या घराला निघायचं, अशी तिची पद्धत. आमच्या घरी मात्र ती थांबायची. ओट्यावर टेकायची, पाय चोळायची, चहा घ्यायची. आत्याबाईंना ती माय म्हणायची. आत्याबाई तिला नुसतं रजिया.

त्या दोघी काय बोलायच्या, कोण जाणे. मी आत डबा भरत असायचे. गावातल्या कोणाची तरी टर उडवत असतील. मला शब्द कळायचे नाहीत, हसणं तेवढं ऐकू यायचं. आत्याबाई हसायच्या! लग्नाला माझ्या तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती, आणि माझ्यासमोर ही बाई दात दिसतील असं एकदाही हसली नव्हती. वाईट वागायच्या असंही नाही. जेवलीस का विचारायच्या, आजारी पडले तर उशाशी बसायच्या. पण हसायच्या त्या रजियाबीजवळ. आणि चहा मी करायचे, दोघींचा.

बघा, अजून मी मूळ गोष्टीवर आले नाही. येते.

एकदा चाव्या विसरल्या म्हणून मी शाळेच्या वाटेवरून परत आले. आत्याबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं, फट उघडी. आत त्या भिंतीवरच्या छोट्या आरशासमोर उभ्या होत्या. डोक्यावर पदर नाही. लिंबाएवढा पांढरा अंबाडा, आणि त्यावर मोगऱ्याचा गजरा. मान इकडे वळवून बघत होत्या, तिकडे वळवून बघत होत्या. मग हात मागे नेऊन गजरा अलगद सोडवला, पदर घेतला, आणि तो गजरा नेऊन देवीपुढे ठेवला.

मग माझ्या लक्षात आलं. पुड्यात देवाच्या फुलांखाली रोज एक गजरा वेगळा बांधून येत होता. मला वाटायचं देवीसाठी. देवीला तो मिळायचा, पण आधी पाच मिनिटं आत्याबाई घालायच्या. आमच्याकडे विधवा बाई फूल माळत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. रजियाबीला ते चांगलं माहीत होतं. तिचाही नवरा वारलेला. दिवसभर दुसऱ्यांसाठी गजरे ओवायची आणि स्वतःच्या केसांत कधी एक कळी नाही. त्या दोघींनी मिळून ही एवढीशी चोरी केली होती. कोणाचं काय बिघडत होतं? माझं तर काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोघी इतक्या हसल्या, की रजियाबीनं खांबाला धरलं. मला वाटलं माझ्यावरच हसताहेत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं — चोरून तर मीच बघितलं होतं. हसतही असतील माझ्यावर. मला कधीच कळलं नाही.

त्या दुपारी शाळेतून, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन, मी रजियाबीला फोन केला. उद्यापासून पुडा नको म्हणाले. एवढ्यावर थांबता आलं असतं. एवढंच बोलले असते तर आज तुमच्यापुढे हे सांगत बसले नसते. तिनं विचारलं, का म्याडम, फुलं खराब निघाली का? आणि मी म्हणाले, आत्याबाई म्हणतात, तुमच्या हातची फुलं आमच्या देवाला चालत नाहीत.

पलीकडे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग हळूच म्हणाली, "माय बोलली असं? सोताच्या तोंडानं?"

"हाव," मी म्हणाले.

"बरं, म्याडम."

एवढंच. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मुसलमान बाईला नेमकं कुठे लागेल, हे मला बरोबर माहीत होतं. आजकाल कोणाला माहीत नाही? असली वाक्यं मी शाळेत ऐकायचे तेव्हा तोंड वाकडं करायचे, मुलांना समानतेवर निबंध लिहायला लावायचे. गरज पडली तेव्हा तेच वाक्य पटकन जिभेवर आलं. शोधावं लागलं नाही.

चार दिवस आत्याबाई सकाळी ओट्यावर येऊन बसत राहिल्या. कडी नुसतीच लोंबत होती. पाचव्या दिवशी विचारलं, "रजिया येऊन का न्हाई राहिली गं? बिमार हाय का?" मी म्हणाले, बोलले मी तिच्याशी. ती म्हणाली, म्हातारीला गजरा देते म्हणून लोक नावं ठेवतात, मला नको ते पाप.

गजरा हा शब्द मी उच्चारला आणि आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत आहे, हे त्यांना कळलं. त्यांनी पदर कपाळापर्यंत ओढला आणि भिंतीला धरत धरत आत गेल्या. नंतर त्या ओट्यावर बसल्याच नाहीत.

एक दगड आणि दोघी गारद. दोघींना एकमेकींच्या तोंडच्या शिव्या मीच पोचवल्या, ज्या त्यांनी कधी दिल्याच नव्हत्या. आणि पकडली जायची भीतीही नव्हती. आत्याबाई दुकानापर्यंत जाऊ शकत नव्हत्या. मुलाजवळ काय बोलणार होत्या — माझा गजरा बंद झाला म्हणून? आणि रजियाबी, एवढं ऐकून घेतल्यावर, कोणत्या तोंडानं आमच्या दारात येणार?

इथे मला एक कारण देता येईल. माझी आई लवकर विधवा झाली. माझ्या डोहाळजेवणाला याच आत्याबाईंनी तिला म्हटलं होतं, विहीणबाई, तुम्ही आत बसा. बाहेर माझी ओटी भरली जात होती आणि माझी आई स्वयंपाकघरात परातीपाशी बसून होती. हे खरं आहे, घडलेलं आहे. पण त्या व्हरांड्यात फोन करताना मला आई आठवलीच नव्हती. हे कारण मला कितीतरी महिन्यांनी सापडलं, आणि सापडल्यावर मी ते घट्ट धरून ठेवलं. खरी गोष्ट एवढीच, की त्या दोघी हसायच्या आणि मला ते सहन होत नव्हतं.

मग सगळं माझ्या मनासारखं झालं. घर गप्प झालं. आत्याबाई केस विंचरायच्या नाहीत, मीच बळेबळे तेल लावायचे. पूजाही हळूहळू माझ्यावर टाकली. वर्ष-दीड वर्षात अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वय झालंच होतं. मी ते वाक्य सगळ्यांना ऐकवत फिरले.

एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज इतका बारीक, की मला खाली वाकावं लागलं. म्हणाल्या, "रजियाला एवढा एक फोन लाव. म्हनावं, माझंच चुकलं. गजरा मागायचं वय होतं का माझं? म्हनावं, गजरा नको. निस्ती येऊन बस."

तुम्ही काय केलं असतं?

मी फोन हातात घेतला. त्यांच्यासमोर बोटं फिरवली, कानाला लावला. नंबर लावलाच नव्हता. बंद स्क्रीन कानाला लावून मी उभी होते आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, वाट बघत. मी म्हणाले, उचलत नाही. "कामात असंल," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही वेळा मी तसंच केलं. फोन लावला असता तर रजियाबी धावत आली असती, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. पण ती आली असती तर दोघींनी दोन वाक्यांत मला उघडं पाडलं असतं. एका मरणाऱ्या बाईसमोर खोटी ठरायला मी घाबरले. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. आठवड्याभरात गेल्या.

नवरा म्हणाला, फुलांचं बघ. तहसीलकडच्या नव्या दुकानाला मी व्हॉट्सॲप केलं, अर्ध्या तासात हार आणि टोपलीभर सुटी फुलं घरपोच आली. अंगणात माणसं जमली होती. आणि फाटकाशी रजियाबी उभी होती. तिला कोणी सांगितलं, माहीत नाही. मी जवळ गेले. तिचे हात रिकामे होते.

"म्याडम, फुलं आनली न्हाईत मी," ती म्हणाली. "मायला माझ्या हातची चालत न्हाईत ना."

आसपास माणसं होती, पण ऐकण्याइतकं जवळ कोणी नव्हतं. तिच्या कानात फक्त चार शब्द सांगायचे होते, की ते बोल माझे होते. ती आत गेली असती, आत्याबाईंच्या पायाशी बसली असती, तिच्या मायसाठी रडून घेतलं असतं. मी म्हणाले, "बरं केलं."

तिनं मान हलवली. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच थोडा वेळ बघितलं आणि गेली.

याला आता तीन वर्षं होतील. रजियाबी थकली आहे, पुडे द्यायला फिरत नाही, पण दुकानात रोज बसते. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. तिची माय तिच्याबद्दल तसं बोलली होती, असंच ती अजून समजते. मी तुम्हाला सगळं सांगितलं. तिला सांगितलेलं नाही, आणि उद्याही सांगणार नाही.