काटा शून्यावर

लातूरबाहेरच्या सोयाबीन तेलाच्या एका कारखान्यात मी आठ वर्षं काढली. त्यातली पहिली दोन उस्तादांच्या हाताखाली गेली. उस्ताद नांदेडच्या जुन्या गावातले, वायरमन बापाचे वायरमन. मी हदगावच्या मास्तरांचा मुलगा, आयटीआयचा कागद खिशात घालून आलेला आणि आपल्याला सगळं येतं अशा समजुतीतला. पहिल्या दिवशी त्यांनी तो कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "चांगला हाय. जपून ठेव. लगनात दाखवायला कामी येईल."

आमच्याकडे सोयाबीनमधून तेल काढायला सॉल्व्हंट वापरत. ते पेट्रोलच्या जातीचं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे गळती झाली की ती फरशीवर पसरून राहते. मग एक ठिणगी पुरते. वास येतो, पण अर्ध्या तासात नाकाला त्याची सवय होते आणि वास लागेनासा होतो. म्हणून भिंतींवर, फरशीलगत, वाफ मोजणारी यंत्रं बसवलेली होती. तिथून बारीक निळी केबल पॅनलरूममध्ये यायची. वाफ वाढली की तिथला काटा चढायचा आणि लाल रेघेवर गेला की भोंगा वाजायचा.

त्या निळ्या केबलला उस्ताद फार जपायचे. तिच्यातून जाणारा करंट अगदी नाजूक असतो. तिला मध्ये जोड द्यायचा नाही, जोडणीच्या डब्याचं एकही भोक उघडं ठेवायचं नाही, आणि मोटरच्या जाड केबलशेजारी तिला कधीच टाकायचं नाही. "मोटरची केबल म्हणजे दांडगा पाटील," ते म्हणायचे. "त्याच्या बाजूला बसलं का ह्या गरीबाला सोताचं बोलता येत न्हाई. त्याचंच बोलणं ह्याच्या तोंडातून निघतं." मी हे वहीत लिहून घेतलं होतं. लिहून घेतलं म्हणजे समजलं, असं वाटायचं वय होतं.

मग भूकंप झाला. उस्तादांची थोरली बहीण आणि तिचं सगळं घर औशाच्या पलीकडच्या एका गावात दगडमातीखाली गेलं. ते तिकडे गेले आणि चाळिसावा झाल्यावरच परतले. आल्यावर त्यांच्या कामात एक नवी गोष्ट दिसू लागली. प्रत्येक केबलच्या टोकाला ते हातभर ढील सोडायचे आणि तिचं वेटोळं करून बांधायचे. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "जमीन पुन्हा हलली तर ताण यायला नको." आम्ही मागे हसायचो. माणूस मोडला की त्याच्या हाताला अशी एखादी सवय लागते, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

ते नसताना एक काम माझ्यावर येऊन पडलं होतं. भूकंपात आमच्या केबलच्या चराला तडे गेले आणि निळी केबल वरून नवीन ओढायची ठरली. तिच्यासाठी छताखालून न्यायचा वेगळा पत्र्याचा ट्रे मागवला होता, तो काही आला नाही. मी ती मोटरच्या ट्रेमधूनच ओढली, तात्पुरती. आमच्याकडे तात्पुरतं बांधलेलं छप्पर नातवंडांच्या डोक्यावर येतं, तसलं ते तात्पुरतं. उस्ताद परतले तेव्हा त्यांनी वर झाकण लावलेल्या ट्रेकडे बघून विचारलं, "वेगळी टाकली ना?"

"हाव, उस्ताद," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि दोन्ही टोकांना आपली ढील सोडून जोडणी करून टाकली.

मोठा पंप सुरू झाला की आता भोंगा वाजायला लागला. वाफ नव्हतीच. पाटील बोलत होता. पण ते दिवस असे होते, की खाटेची कुरकुर झाली तरी माणसं अंगणात पळायची. भोंगा झाला की सगळा कारखाना फाटकाबाहेर. एकदा गोदामातल्या एकाने शिडीवरून उडी टाकली आणि पाय मोडून घेतला. मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं, "उद्यापर्यंत हे बोंबलणं बंद पाहिजे."

केबल काढून वेगळी टाकायला दोन दिवस लागले असते, आणि उस्तादांना आपण खोटं बोललो हे सांगावं लागलं असतं. दोन दिवसांचं मला काही वाटत नव्हतं. मी पॅनलच्या मागे गेलो, कारखान्यातून येणारी निळी केबल सोडवली आणि तिच्या जागी एक रेझिस्टन्स बसवला, बोटाच्या पेराएवढा, काट्याला सतत वाफ नसल्याचाच करंट देणारा. काटा शून्यावर आला आणि तिथेच गप्प उभा राहिला. उस्तादांना म्हणालो, "केबल सुधारली." कोंबडं झाकल्यानं उजाडायचं राहत नाही, पण झाकणाऱ्याला तेवढ्यापुरती झोप लागते.

तीन आठवडे गेले. एका दुपारी पंपाची मोटर गरम होऊ लागली. तिचा डबा उघडून, मोटर चालू ठेवून करंट मोजायचा होता. तसं करणं कायद्यात बसत नाही. पण काटा शून्यावर असेल तर उस्ताद करायचे, आणि विचारल्याशिवाय कधीच करायचे नाहीत. त्यांनी खालून हाक दिली, "काटा किती?"

मी वर पॅनलसमोरच चहा पीत होतो. मान वर केली, बघितलं आणि ओरडलो, "शून्यावर हाय, उस्ताद."

बोलून झाल्यावर मला आठवलं. खरंच विसरलो होतो. हे कुणाला पटणार नाही आणि पटावं असंही मी म्हणत नाही. मी कप टाकून दाराशी पोचलो तेव्हा खाली एक निळसर भपका उठला, फार मोठा आवाजही झाला नाही. पंपाच्या सीलमधून गळती होती. उस्ताद पेटत्या कपड्यांनी वाळूच्या ढिगाकडे धावले. घोंगडी टाकून त्यांना विझवणाऱ्यांत मी होतो.

त्याच संध्याकाळी, सगळे दवाखान्यात गेलेले असताना, मी पॅनलमागचा तो तुकडा काढला आणि निळी केबल परत जागेवर लावली. दोन स्क्रू. चौकशीला साहेब आले तेव्हा त्यांना केबलच्या टोकांची वेटोळी दिसली. केबल सैल आणि अयोग्य जोडणीची, असं त्यांनी लिहून नेलं. जोडणी कुणी केली होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

उस्ताद नांदेडच्या दवाखान्यात अकरा दिवस होते. मी चार वेळा गेलो. दर वेळी बसमध्ये ठरवायचो, आज सांगायचंच. वाटेतलं लोहा गाव ओलांडलं की धीर सुटायचा. त्यांच्या उशाशी त्यांची पंधरा वर्षांची मुलगी बसलेली असायची, चमच्याने पाणी पाजत. उस्ताद माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, जेवलास का विचारायचे. मग माझ्याकडे बघत राहायचे. दुखतंय म्हणून असेल, असं मी समजत होतो. मोसंबी ठेवून निघून यायचो.

ते गेल्यावर मी कारखान्यात आणखी सहा वर्षं काढली. पुढे लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. गल्लोगल्ली क्लास, घरोघरी होस्टेल, भोकरपासून देवणीपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला इथे. मीही वरती चार खोल्या काढून मुलींना द्यायला लागलो. वायरिंग स्वतः केलं. आयुष्यात इतकं काळजीपूर्वक काम मी दुसरं केलं नाही.

मागच्या जूनमध्ये एक बाई मुलीसाठी खोली बघायला आल्या. मुलगी खाली रिक्षात पुस्तकांच्या बॅगेपाशी बसली होती. बाईंनी खिडकी उघडून बघितली, नळ सोडून बघितला, मग स्विचच्या डब्याजवळ थांबून नीट न्याहाळलं. तशा नजरेने डब्याकडे बघणारं एकच माणूस मला ठाऊक होतं. मी ओळखलं. त्यांनी मला आधीच ओळखलेलं होतं.

मी तिथल्याच कॉटवर बसलो आणि सगळं सांगितलं. ट्रे, रेझिस्टन्स, शून्य, ते दोन स्क्रू. इतक्या वर्षांत मी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. बाई दाराला टेकून ऐकत होत्या. मी थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक हाय, भाई. अब्बांनी तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणले, काट्यात त्यानं कायतरी केलं, पण तुम्ही कुणाजवळ बोलू नका. पोरगा चांगला हाय, सोता येऊन सांगंल."

बाईंनी खिडकीतून खाली रिक्षाकडे एकदा बघितलं.

"तुम्ही यायचे ना, तवा अम्मी मला डोळ्यानं खुणवायची. आज सांगंल म्हणून. तुम्ही निघून गेला का अब्बा म्हणायचे, बसनं दमून आला होता, उद्या सांगंल." त्यांनी ओढणी सारखी केली. "शेवटच्या दिवशी पण दाराकडंच बघून राहिले होते."

मी हात जोडले. खोली फुकट घ्या, पोरीला माझ्या पोरीसारखी ठेवीन, असं काहीतरी बरळलो.

"खोली चांगली हाय. वायरिंग पण चांगलं हाय," बाई म्हणाल्या. "पण पोरीला इथं ठेवणार न्हाई, भाई. काही झालं तर तुम्ही मला खरं सांगाल का, हे मला ठाऊक न्हाई."

त्या जिना उतरून गेल्या. रिक्षा समोरच्या होस्टेलपाशी थांबली आणि मुलीने बॅग उतरवून घेतली.