पांढरं अस्वल आणि आमच्या मळ्यातली देवी

जठारपेठेतल्या वकिलाच्या मुलाचं पांढरं अस्वल मला आजही डोळे मिटले की दिसतं. बर्फावर उभं, रंगीत, अख्ख्या पानाचं. प्राण्यांच्या चित्रांचं ते जाड पुस्तक त्याच्या मामानं विलायतेहून आणलं होतं. वर्गात ते उघडलं की मी मत्सरानं जळायचो. आमच्याकडे, अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णा नदीकाठच्या मळ्यात, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि झेंडू. त्यात दाखवण्यासारखं काय असणार?

विज्ञानाच्या मास्तरांनी सांगितलं होतं, ज्यानं आणलेला जीव, चित्रातला का होईना, सगळ्यात अजब ठरेल त्याला अमरावतीच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक दाखवायला नेईन. अस्वलाला तोड नव्हती. मी आशा सोडून बसलो होतो.

अशात श्रावणात आमच्या कापसाच्या कुजक्या पऱ्हाटीच्या ढिगावर एक पिवळा, लोण्यासारखा गोळा पसरला. सकाळी एका काडीवर असायचा, संध्याकाळी दुसऱ्या. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मला बजावलं, "देवी हाय थे. हात नोको लावू."

तिची पाठ वळताच मी त्यातला एक तुकडा फळीवर घेऊन शाळेत गेलो. पोरं नाक दाबून हसली. वकिलाचा मुलगा म्हणाला, "अस्वल सील मारते. तुझं हे काय मारते?"

मास्तर मात्र वाकून पाहत राहिले. ही धड बुरशी नाही, धड प्राणी नाही, म्हणाले. तोंड नाही तरी खाते, पाय नाहीत तरी चालते. अस्वलाचे दोन तुकडे केले तर अस्वल मेलं. हिचे केले तर दोन्ही जगतात. निवड माझी झाली. वकिलाच्या मुलाचं उतरलेलं तोंड पाहून जो आनंद झाला, तो मला माझ्या लग्नातही झाला नाही.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "घरी देवी आली असतानी वेस वलांडत नाई. तिले बोळवली का मंग जाय."

"माय, थे बुरशी हाय."

"मंग काहून चालून राहिली?"

मास्तरांनी शिकवलेलं सगळं तिच्याच बाजूचं निघालं. मी रडलो, जेवलो नाही; तिनं ऐकलं नाही.

रविवारी मास्तर वकिलाच्या मुलाला घेऊन अमरावतीला गेले. फळी माझी, पण गेली त्याच्या मांडीवरून. सोमवारी तो माझ्याशेजारी येऊन बसला. चिडवलं असतं तर बरं झालं असतं, मी दोन ठोसे तरी दिले असते. तो हळूच म्हणाला, "आतून वाहून राहिली होती रे. पुढं जाते, थांबते, मांगं येते. तू पायजे होता." आणि त्यानं ते पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. दोन दिवस घरी ने, म्हणाला.

मी पुस्तकाला हातही लावला नाही. पुढं सूक्ष्मदर्शकं पुष्कळ पाहिली, त्यात ती पिवळी वाहतानाही पाहिली. पण पहिल्यांदा तिला त्यानं पाहिलं, आणि तेव्हाचा जळफळाट काही केल्या विझत नाही.