डाळीतली पूड

धाकटा भाऊ अचलपूरहून संत्र्यांचा ट्रक घेऊन दिल्लीला जायचा. झोप येऊ नये म्हणून ढाब्यावर मिळणाऱ्या गोळ्या घ्यायचा. आधी एक, मग तीन, मग काही धरबंदच उरला नाही. गाडी हातून गेली तेव्हा मी त्याला अकोल्याला, जठारपेठेतल्या माझ्या घरी आणलं. मी एकटी, शाळेतून निवृत्त. म्हणजे चिडायला भरपूर वेळ.

गोळ्या बंद झाल्या, पण माणूस जागेवर आला नाही. पडदे ओढून बसायचा. दूधवाला पाळत ठेवतो म्हणायचा. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी औषध सुरू केलं आणि समजावलं, की अशा उत्तेजक गोळ्यांनी मेंदूत एक प्रकारचा दाह होतो. तिथल्या राखण करणाऱ्या पेशी भडकतात आणि गोळ्या थांबल्या तरी लगेच निवत नाहीत. "संशय त्यातूनच येतो असं ठामपणे नाही सांगता येत," ते म्हणाले, "पण त्याचाही हात असावा. महिने लागतील. धीर धरा."

धीर धरा म्हणायला काय जातं! मी थकून गेले होते. शेजारणीने एक पूड आणून दिली. व्यसन सुटतं, जेवणात कालवायची, ज्याला द्यायची त्याला कळू द्यायचं नाही, म्हणाली. असा माणूस ज्या घरात आहे, तिथे आपल्याकडे अशी पुडी येतेच. गोळ्या तर सुटल्याच होत्या, मग आता सोडवायचं काय? एवढा साधा प्रश्न मला, जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला, पडला नाही. रोज डाळीत चिमूटभर टाकत गेले.

चौथ्या दिवशी त्याने ताट सरकवलं. "ताई, डाळीत काईतरी हाय. तू काय टाकून राह्यली?"

"तुह्या डोक्यातला किडा हाय तो," मी खेकसले. "जेव गुमान."

त्याने डॉक्टरांनाही तेच सांगितलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "घरी कोणी जेवणात काही मिसळतं का?" मी त्यांच्याकडे सरळ बघून नाही म्हणाले. संशय वाढला असं धरून त्यांनी औषध वाढवलं. भाऊ दिवसभर पडून राहू लागला, उशीवर लाळ गळायची. खरं तो बोलला होता आणि शिक्षाही त्यालाच झाली होती. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढच्या खेपेला त्याच्यासमोरच सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले, रागावणारच. औषध पुन्हा कमी केलं आणि पुडी घेऊन यायला सांगितलं. भाऊ आता मला फाडून खाईल असं वाटत होतं. पण ऑटोत बसल्यावर तो हसला, कित्येक महिन्यांनी.

"म्हंजे मी येडा नाई," तो म्हणाला.

"नाई रे बाबा. चुकी माही होती."

 मग तो माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "मंग बाकीचंबी खरंच असन."

मी घाईने म्हणाले, "नाई रे, तसं काई नाई."

"तवाबी तू नाईच म्हणली होती," तो म्हणाला.