तांदळातलं नाव

आमच्या यायचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नाव मी तोंडानं घेत नाही. पवनीत आमच्या गल्लीतले सगळे त्यायले भैयाजी म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. मी आपली 'हे' म्हणीन. तेही मले कधी नावानं बोलावत नाहीत. "अवो, आयकतं का?" एवढं कानावर आलं की मी समजायचं. लग्न झालं तेव्हापासून असंच चालून राहिलं.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतं पुढचं ऐकून तुम्ही शिव्या द्याल. तरणेपणी बापाच्या मागावर बसून यायनं लुगडी विणली. माग बंद पडले तसं बाजारात कापडाचं दुकान टाकलं. गल्लीत कोणाचं राशन कार्ड अडलं, कोणाच्या आधारवर जन्मतारीख चुकली, की लोक यायलेच शोधत येतात. सरकारी काम म्हटलं की यायच्या अंगात येते. पोटात भात नसला तरी चालते, पण कागद अर्धा राहिला की जीव कासावीस होते यायचा. अन् याच हौसेनं घात केला पाहा.

आमच्या मंगेशसाठी बपेऱ्याची पोरगी पाहिली. बपेरा पार तिकडं, तुमसर तालुक्याच्या टोकाले. नदी ओलांडली की मध्य प्रदेश. पोरीचं नाव उर्वशी. जवळ पडते म्हणून ती पलीकडच्या कॉलेजात जायची. बी.ए.ची दोन वर्षं झाली होती. बोलणी बसली तेव्हा तिच्या बापानं एकच गोष्ट मागितली. म्हणे, "तिसरं वर्ष तेवढं होऊ द्या. पोरीची लय इच्छा आहे." यायनं छाती ठोकली, "माझ्यावर सोडा हो. कॉलेज आमच्या पवनीतच आहे."

लग्न होऊन सून घरात आली. आमच्याकडं रीत आहे, परातीत तांदूळ पसरायचे अन् नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. सगळ्यायचंच बदलते. माझंही बदललं होतं. सासूनं सांगितलं अन् यायनं तांदळात 'सुशीला' लिहिलं. मंगेशच्या मनात होतं, उर्वशीच राहू द्यावं. पण हे मधातच बोलले, "उर्वशी कोण? इंद्राच्या दरबारात नाचणारी. आपल्या घरात असं नाव चालते का? जानकी लिही."

आता काय म्हणू या माणसाले! दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की नाटकातली लावणी पाहाले पहिल्या रांगेत बसणारा हा माणूस, अन् सुनेच्या नावात याले नाच दिसला. पण भरल्या घरात मी तरी काय बोलणार? पोरानं मुकाट्यानं 'जानकी' लिहिलं. सुनेनं पाहिलं अन् हसली. ते हसू कसं होतं, हे बाईलेच समजते.

दुसऱ्या कोणाच्या घरी एवढ्यावर भागलं असतं. तांदळातलं नाव तांदळातच राहते, दुसऱ्या दिवशी त्याचा भात होते. पण आमचे हे पडले कागदाचे शौकीन! हळद उतरली नाही तं सुनेले घेऊन आधार केंद्रात गेले, अन् तिथंही 'जानकी' करून आले. वरून गल्लीभर सांगत सुटले, "पाहा, किती पटकन काम झालं."

पहिलं वर्ष पाहुण्यारावळ्यात गेलं. दुसऱ्या वर्षी सुनेनं कॉलेजाची आठवण दिली. तेव्हा तिले दिवस गेले होते. तरी म्हणे, "मामाजी, आत्ताच झालं तं झालं." सासऱ्याले ती मामाजी म्हणते अन् मले आत्याबाई. हे लगेच तयार. चारही सेमिस्टरच्या गुणपत्रिका पिशवीत टाकल्या अन् दोघं कॉलेजात गेले. तिथं काय झालं ते मले मागाहून यायनंच सांगितलं.

प्रवेशाचं काम खेमराज सर पाहात होते. भला माणूस. त्यायनं नीट समजावलं. म्हणे, आता नुसती वर्षं नाही पाहात, क्रेडिट पाहतात. एकेका पेपरले ठरलेले क्रेडिट असतात. पास झालं की ते पोरीच्या खात्यात जमा होतात, अन् कॉलेज बदललं तरी तिच्यासोबत येतात. पण आले म्हणजे सगळेच लागू झाले, असं नाही. तिकडचा अभ्यासक्रम अन् इकडचा, दोन्ही शेजारी ठेवून पाहतात. जो पेपर जुळला तो मुख्य विषयात धरतात. जो थोडा वेगळा, तो निवडीच्या विषयात बसवतात. अन् जो इकडं लागते पण तिकडं नव्हताच, तो नव्यानं द्यायचा.

यायले पटकन समजलं. म्हणाले, "म्हणजे मागावर जुन्या ताण्याले नवा ताणा जोडतो, तसंच. धाग्याले धागा पाहून गाठ मारायची."

"अगदी तसंच, भैयाजी," सर हसले.

मग सरांनी कॉम्प्युटरवर सुनेचं खातं उघडलं, अन् त्यायचं हसू गेलं. खातं रिकामं. तिकडच्या विद्यापीठानं क्रेडिट पाठवले होते, पण गुणपत्रिकेवर उर्वशी अन् आधारवर जानकी. नाव जुळलं नाही म्हणून सगळे परत गेले. सर म्हणे, "नाव जुळलं नाही तर ही दोन वर्षं हिची आहेत, असं मी कसं लिहू? प्रवेशाचे थोडेच दिवस राहिले. नाहीतर पहिल्या वर्षाले बसवावं लागेल."

पहिल्या वर्षाले! पोटात लेकरू, अन् पुन्हा श्रीगणेशा. पहिल्यापासून म्हणजे कधीच नाही, हे तिथं तिघायलेही समजत होतं.

सरांनी विचारलं, "आधारवर नाव बदलाचं कोणाले सुचलं?"

हे तोंड उघडणार, तेवढ्यात सून बोलली, "मीच बदललं, सर. मले जुनं नाव आवडत नव्हतं."

सर तिच्यावरच चिडले. म्हणे, "शिकलेल्या मुली तुम्ही, अन् एवढा विचार करत नाही? नाव काय फॅशन आहे का?" सून मान खाली घालून ऐकत राहिली. अन् आमचे हे? बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत राहिले. 

घरी आले तं ताटाले हात लावेनात. वडीची भाजी यायच्या आवडीची, तीही तशीच. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं ओकले. मंगेशले तं सुनेनं आधीच सांगून टाकलं होतं, "तुम्ही मामाजीले काही म्हणू नका." माझं मात्र डोकं फिरलं.

"अन् तुम्ही काहून नाही बोलले?"

"तिनं बोलूच नाही दिलं."

"तिनं काय तुमचं तोंड दाबून धरलं होतं? परक्याची लेक तुमच्यासाठी बोलणी खाऊन राहिली अन् तुम्ही खुर्ची गरम करून राहिले! तिच्या बापाले काय वचन दिलं होतं, आठवते का?"

"आठवते," हे म्हणाले. मग ताट बाजूले सारलं. अन् म्हणाले, "अवो, ती मले वाचवाले खोटं बोलली. तिनं माझं नाव घेतलं असतं ना, तं बरं वाटलं असतं."

माझा राग तिथंच अर्धा उतरला. पण मी तसं दाखवलं नाही.

सकाळी आंघोळ करून हे एकटेच कॉलेजात गेले. खेमराज सरांच्या समोर, चार पोरंपोरी उभी असताना, म्हणाले, "सर, काल माझी सून खोटं बोलली. नाव मी बदललं. तिले विचारलंही नाही. जे बोलाचं ते मले बोला." सरांनी नुसतं पाणी दिलं म्हणे. हे म्हणाले, "दोन शिव्या दिल्या असत्या तं हलकं वाटलं असतं."

मग सुनेले घेऊन पुन्हा आधार केंद्रात. तिथला पोरगा म्हणे, नाव दोनदाच बदलता येते, ही शेवटची वेळ. हे म्हणाले, "बाबू, आता कोणी बदलतो म्हटलं तं मीच त्याचा हात धरीन." पण आधार दुरुस्त होऊन येईपर्यंत यायनं जो घोर लावून घेतला, बाप्पा! दुकानात गिऱ्हाईक हिरवं लुगडं मागे अन् हे लाल काढून देत. सुनेच्या समोर मान वर होत नव्हती. घरात 'उर्वशी' म्हणाले जात अन् जीभ 'जा'वरच अडखळे. ती बिचारी म्हणे, "काहीही म्हणा मामाजी, मी ओ देते." त्यानं यायले आणखीच लागे.

शेवटी मुदतीच्या आत नाव जुळलं. तिकडून क्रेडिट पुन्हा पाठवले अन् खात्यात आले. विद्यापीठाच्या समितीनं एकेक पेपर पाहिला. इतिहास अन् राज्यशास्त्र मुख्य विषयात लागू झाले. हिंदी साहित्य निवडीच्या विषयात बसलं. मराठीचा पेपर तिकडं नव्हता, तो जास्तीचा द्यावा लागणार. पण प्रवेश तिसऱ्या वर्षाले! उर्वशी दारातूनच ओरडली, "आत्याबाई, झालं!" मंगेशनं पेढे आणले. मी तिची दृष्ट काढली.

संध्याकाळी मी तांदूळ धूत होती. उर्वशी बाजूले येऊन बसली अन् सहज म्हणाली, "आत्याबाई, तुमचंही नाव बदललं होतं ना? माहेरचं काय होतं?"

मी सांगणार, तं हे समोरच्या खोलीतून मोठ्या तोऱ्यात बोलले, "मी सांगतो ना! हिचं नाव..."

अन् थांबले. तोंड उघडंच.

"सांगा ना, मामाजी."

"गोदा?" हे म्हणाले.

"गोदा माझी चुलत बहीण," मी म्हटलं.

"मग... कौसल्या होतं का वो?"

"कौसल्या शेजारीण होती आमची. आठवा आता! सुनेचं तरी गुणपत्रिकेवर होतं. माझं कुठं जाऊन पाहाल?"

मी चिडून बोलली, हे खरं. पण सांगू का, राग नव्हता तो.  माझ्या माहेरच्या नावावर तांदूळ यायनंच सारखे केले होते, आपल्या हातानं.

त्या दिवसापासून हे माझ्याशीही मान खाली घालून बोलाले लागले. मी नाव सांगितलं नाही. काहून सांगू? उर्वशीलेही बजावलं, "यायले आठवू दे."

चार-आठ दिवसांनी हे म्हणाले, "अड्याळले जाऊन येतो, माल पाहाचा आहे." अड्याळ माझं माहेर. तिथं माझा म्हातारा भाऊ मंगरू राहते, दुसरं कोणी नाही. तिथं कोणता माल भेटते, ते मले समजत नव्हतं का? पण मी भाकर बांधून दिली.

दुपारी मागच्या ओसरीवर सूप घेऊन मी तांदळातले खडे वेचत होती. पाठ दाराकडं. मागून आवाज आला, "पंचफुला!"

मी खडे वेचतच राहिली. वाटलं, गल्लीत कोणी कोणाले हाक मारून राहिलं असंल.

"पंचफुला!"

मनात आलं, कोणती बाई आहे माय, ओ काहून देत नाही!

मग खांद्यावर हात पडला. वळून पाहिलं तं हे उभे होते. प्रवासाची पिशवी अजून हातातच, अन् डोळे भरून आलेले.

"अवो," हे म्हणाले, "तुलेच बोलावून राहिलो."