अकरा नंबरचं घर

मास्तरने शाळा सोडली तेव्हा गल्लीत कुणी नावं ठेवली नाहीत. गणित शिकवून मिळायचे त्याच्या पाचपट परदेशी मदतीच्या कचेरीत मिळणार होते.

काम सोपं होतं. गरीब आणि श्रीमंत घरांतली दरी मोजायची. मदत मोजणीनंतर येणार होती. तोवर मदत म्हणजे मास्तरचा पगार.

नमुना म्हणून एक गल्ली निवडायची होती. कचेरीत चिठ्ठ्या टाकल्या. निघाली ती मास्तरचीच गल्ली. अठरा घरं. प्रत्येक फॉर्मवर साक्षीदाराची सही लागायची, म्हणून त्याने मला सोबत घेतलं. मी साहित्याची पदवी घेऊन घरीच बसलो होतो.

कमाई कुणी खरी सांगत नाही, म्हणून फॉर्म घरातल्या वस्तू विचारायचा. प्रश्न मोठ्याने वाचायचा, उत्तराची वाट पाहायची, मग लिहायचं. नियम म्हणजे नियम. अकराव्या घराशी आलो. ते त्याचंच. त्याने दार वाजवलं.

"किल्ली हरवली का?" वहिनीने विचारलं.

"कुटुंबप्रमुख आहेत का घरात?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी चपला पाहू लागलो.

"दारात उभे आहेत," ती म्हणाली. "दूध आणायला विसरून."

तो आत येऊन नव्या सोफ्यावर बसला. फ्रिज आहे का? आहे. कधी घेतला? "आठवून सांगा," तो स्वतःला म्हणाला, आणि खरंच आठवू लागला. मी सही केली.

वर्षाने पुन्हा मोजलं आणि आलेख आला. दरी तिप्पट झाली होती. कचेरीच्या बाई विमानाने आल्या.

"सतरा घरं होती तिथेच आहेत. एकच वर गेलंय. अकरा नंबरला असं काय झालं?"

"माझा पगार झाला, बाई."

सहा महिन्यांत दरी कमी झाली नाही तर काम बंद करावं लागेल, बाई म्हणाल्या.

"मी घर बदलतो."

"नमुन्यातलं घर हलवता येत नाही."

"मग मला वगळा."

"ती लपवाछपवी होईल."

"पगार तरी कमी करा."

"तो वरून ठरतो."

मास्तर घरी आला आणि फ्रिज पुसू लागला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तो ढकलत गल्लीतल्याच पंक्चरवाल्याच्या दारात नेला.

"काय बिघडलंय यात?" पंक्चरवाला म्हणाला.

"काही नाही. तुम्हाला दिला."

"मग बिघाड दुसरीकडे आहे," तो माझ्याकडे बघत म्हणाला. पण फ्रिज आत घेतला.

सोफा इस्त्रीवाल्या मावशींना. तो दारातून आत जाईना. त्यांनी तो बाहेरच ठेवला आणि त्यावर कपड्यांच्या घड्या रचल्या. बसायला वेळ कुणाला आहे, म्हणाल्या.

पगार दर महिन्याला येतच होता. घरात आणला की त्याच्या वस्तू व्हायच्या. म्हणून मास्तर वस्तू घेऊन थेट दुसऱ्याच्या घरी जायचा. कुणाला पंखा, कुणाला कपाट. स्वतःचा पलंगही गेला.

"नोकरी टिकू दे. सगळं परत घेऊ," तो वहिनीला सांगायचा.

"भिंती तेवढ्या राहिल्यात. त्याही द्या. नाहीतरी एक शेजाऱ्यांचीच आहे."

पुढच्या मोजणीला वहिनी चटईवर बसून होती.

"फ्रिज?"

"पंक्चरवाल्याकडे."

"हो किंवा नाही एवढंच सांगा."

"नाही."

"पलंग?"

"नाही. नवऱ्याबद्दल काही विचारत नाहीत का?"

"फॉर्ममध्ये नाही."

"तो प्रश्न असता तर चटकन 'नाही' सांगितलं असतं."

मी सही केली.

बाई पुन्हा आल्या. आलेखाची रेघ जमिनीला टेकली होती. बाईंचा चेहरा खुलला.

"सगळी घरं जवळजवळ सारखी. एक जरा मागे पडलंय, पण तेवढं चालतं. काम पूर्ण झालं. आम्ही आता दुसऱ्या देशात जातोय."

"दरी कमी झाली नाही तर बंद करू, म्हणाला होतात," मास्तर म्हणाला.

"हो. ते बंद झालं असतं. हे पूर्ण झालं."

"आणि मदत?"

"गरज कुठे उरली?"

त्यांनी त्याला प्रमाणपत्र दिलं, हात मिळवला आणि विमानाची वेळ झाली म्हणून निघाल्या.

मास्तर तसाच पंक्चरवाल्याकडे गेला. मीही गेलो. दुकानापुढे थंड पाणी विकत घ्यायला माणसं उभी होती.

"फ्रिज परत हवा होता," मास्तर हळूच म्हणाला.

"मास्तर, माझ्या फॉर्मवर 'फ्रिज आहे' असं तुम्हीच लिहिलंत. आणि साक्षीदार हे." त्याने माझ्याकडे बोट केलं.

सही माझीच होती.

पंक्चरवाला माणूस वाईट नव्हता. त्याने फ्रिज उघडला, एक बाटली काढून मास्तरच्या हातात दिली. "रोज एक न्या. तुमच्याकडून पैसे घेणार नाही."

घरी वहिनीने बाटली गालाला लावली. मग विचारलं, "ही आपली, की परत द्यायचीय?"

"बाटली परत द्यायचीय," मास्तर म्हणाला. "पाणी आपलं."