बर्फाच्या देशातली सुमन

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट. माझी लेक मुक्ता आणि तिचे मित्र कर्वेनगरला आमच्या हॉलमध्ये खेळायला जमले होते. फाशांचा खेळ, पण त्यातलं जग आपणच रचायचं. आज नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडच्या जुन्या दंतकथांच्या धर्तीवर बर्फातले देव बनवणं चाललं होतं. नियम एकच, प्रत्येक देवानं शक्तीच्या बदल्यात काहीतरी गमावलेलं हवं.

मी आत चहा करत होतो, पण दुकानदाराचे कान, ते बाहेरच.

"चुलीची देवी राहिली," कुणीतरी म्हणालं.

मी आतूनच सांगितलं, "येणाऱ्यासाठी तिच्या टोपलीत एक भाकरी कायम शिल्लक असते."

"आणि काका, तिनं गमावलं काय?"

"गरम भाकरी. सगळ्यांना वाढून स्वतः गारच खायची."

मुक्ता उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आली. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघं तिचा विषय टाळतो.

"नाव काय ठेवायचं, बाबा?" तिनंच हळूच विचारलं.

"सुमन."

"बर्फात सुमन?" एकजण हसला. "चालेल. पुण्याहून बदली झाली म्हणू."

जन्मभर मी मुक्ताच्या आईला, माझ्या सुमनला, "अगं, ऐकलंस का" अशीच हाक मारली. आज तासभर पोरं "सुमन, वाचव गं" म्हणत फासे टाकत होती आणि मी गार चहा हातात धरून ऐकत बसलो.

तुमच्या घरात कुणाचं नाव मोठ्यानं घ्यायचं राहून गेलंय?