धाकट्याच्या आडोशाला

सायकल शर्यतीतले सगळे त्याला शेपूट म्हणायचे, आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम, अंगकाठी किडकिडीत, छातीत दम बेताचाच. समोरून वारा आला की एकट्याने फार वेळ तग धरणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. पण दुसऱ्याच्या मागच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून चिकटलं, की वारा पुढचा झेलतो आणि आपले पाय वाचतात, हे तो लवकर शिकला. चढावर हलका गिअर, उतारावर अंग चोरून बसायचं, उगाच कुणाशी ईर्षा नाही. आहे ते थोडं शेवटासाठी राखायचं.

वारा झेलायला घरचाच माणूस होता. धाकटा भाऊ गॅसच्या टाक्या पोचवायचा. खांद्यावर टाकी घेऊन जिने चढणारा गडी. दर शर्यतीत तो पुढे, दादा मागे. शेवटी दादा बाजूने सटकायचा, बक्षीस घ्यायचा.

"भाऊजी नुसते बसून जिंकतात," धाकट्याची बायको एकदा तोंडावर म्हणाली.

"बसून जिंकायलाही डोकं लागतं," धाकटा हसला होता.

पुढे टाक्यांनी धाकट्याच्या कमरेचं मातेरं केलं. सकाळी भिंतीला धरून उठायचा. त्याच सुमारास सूतगिरणीने जाहीर केलं, मोठ्या शर्यतीत पहिला येईल त्याला गिरणीच्या संघात घेऊ आणि गोदामात बैठ्या कामावर ठेवू.

धाकटा दादाच्या घरी आला. खुर्चीवर नीट टेकताही येत नव्हतं त्याला.

"दादा, एवढ्या वेळेला तू पुढे राहा. फक्त कालव्याच्या रस्त्यावर. पुलापासून माझं मी बघतो."

"हे काय सांगायला हवं?" दादा म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला.

कालव्याच्या रस्त्यावर आडोसा नावाला नव्हता. दादा पुढे झाला. वारा छातीवर बसला, तोंड कोरडं पडलं, मांड्या पेटल्या. मागून धाकट्याच्या साखळीचा एकसारखा आवाज येत होता. इतकी वर्षं हा हे कसं करत आला, असं त्याच्या मनात येऊन गेलं. मग पुढे निसटलेले दोघेजण लांब जाताना दिसले आणि तो बाजूला झाला.

"नाही रे. संपलो मी."

खरं तर थोडं शिल्लक होतं. त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

धाकट्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं. दात आवळून पुढे झाला, पुलाच्या अलीकडे त्या दोघांना गाठलं, पुलावर मागे टाकलं. दादा त्याच्या चाकाला होताच. रेषा दिसली. धाकटा कमरेतून वाकडा झाला होता, सायकल झोकांड्या खात होती. दादा जोर लावायला सीटवरून उठला. उठायचं नाही, हे अजूनही ठरवता आलं असतं. अर्ध्या चाकाने तो पहिला आला.

"सवयीनं झालं रे," तो धापा टाकत म्हणाला. "पाय आपोआपच चालले."

"हो," धाकटा म्हणाला आणि सायकल ढकलत निघून गेला.

नोकरी नाकारता आली असती. आईने तसं सुचवूनही पाहिलं. "नियमच आहे, पहिल्यालाच देतात," म्हणून त्याने वेळ मारून नेली. गिरणीच्या संघाने त्याला दोन शर्यतींत जोखलं. तिथे कुणी कुणासाठी वारा झेलत नव्हतं; पहिल्याच चढावर तो मागे पडला. संघातून नाव गेलं, गोदामातली खुर्ची राहिली.

धाकटा आणखी काही महिने टाक्या वाहत होता. एका जिन्यात तो टाकीसकट बसला, तो परत कामावर गेलाच नाही. त्याची बायको शिवणाच्या कारखान्यात जाऊ लागली.

बातमी कळल्यावर दादा फळं घेऊन गेला. दार पुतणीने उघडलं.

"बाबा झोपलेत, काका."

आतून रेडिओ बंद केल्याचा आवाज आला. काकाने पिशवी तिच्या हातात दिली. तिने ती घेतली, थँक्यू म्हणाली, आणि तो जिना उतरायच्या आधीच दार लावून घेतलं.